देवी उठल्याच नाहीत

जांभळपाड्यावर देवी टोचून घ्यायला सगळ्यांत आधी पुढे आली ती जानी. तिने आपल्या मुलीला, रूपीला, मांडीवर घट्ट धरलं आणि तिचा दंड नर्ससमोर केला.

नर्सचं नाव वसुमती चुरी. ती मूळची डहाणूची. नवरा लवकर गेला तेव्हा दिराच्या दारात राहायचं नाही असं ठरवून ती नर्सिंग शिकली आणि सरकारी नोकरीत लागली. तलासरीच्या आतल्या अंगाला, अमदाबाद रस्त्यापासून बरंच दूर एक छोटं आरोग्य केंद्र होतं. महाराष्ट्र वेगळा झाला त्या सुमाराला तिची तिथे नेमणूक झाली. डहाणूला म्हातारी आई होती, यमुनाबाई. तिचा सगळा भार वसुमतीच्या पगारावर.

जांभळपाड्यावरची बाळंतपणं वसुमतीच करायची. रूपीच्या पाठीवरचा मुलगा पायाळू जन्मला, तोही तिच्याच हातून सुखरूप बाहेर आला. म्हणून तिला पाड्यावर कोणी परकी मानत नसे. पण देवी टोचायची गोष्ट निघाली की लोक मान फिरवत. ते टोचणं साधं नव्हतंच. दांड्याला बसवलेली एक दातेरी चकती असायची, ती कातडीवर दाबून गरकन फिरवायची. पोरं जीव खाऊन ओरडायची. टोचणारा येतोय अशी कुणकुण लागली तरी पाडेच्या पाडे रानात पसार व्हायचे.

वसुमतीने तो सगळा हिवाळा लोकांशी बोलण्यात घालवला. कोणाच्या ओटीवर, कोणाच्या खळ्यात, पाण्यावर आलेल्या बायकांत बसून ती सांगायची. जानीचा नवरा रघ्या एकदा तिला म्हणाला, एवढा दुखावा सोसून आम्हाला मिळणार काय? तेव्हा तिने समजावलं, की टोचल्या जागी फोड उठेल, खपली धरेल, पुढे वण राहील. तो वण असला म्हणजे देवीचा रोग तुम्हाला शिवणार नाही. लस उठली तर माणूस वाचतो, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी रघ्या हसून म्हणाला, तुझा शब्द असेल तर टोच. आणि तिने शब्द दिला.

लस यायची होती चैत्री पौर्णिमेच्या सुमाराला, आली चैत्र संपता संपता. केंद्राचे डॉक्टर मोहन खारकर यांनी बर्फाची पेटी वसुमतीच्या ताब्यात दिली तेव्हा ती गार होती, आत बर्फाचे खडे होते. संशय घ्यायला जागाच नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने पाड्यावर टोचायला घेतलं. आधी रूपी, मग तिचा भाऊ, मग जानी, मग रघ्या. रघ्याचं पाहून बाकीचे ओळीने आले. म्हाताऱ्या काळ्याने आयुष्यात कधी टोचून घेतलं नव्हतं, तोही आला. एकही माणूस रानात पळाला नाही. संध्याकाळी केंद्रावर परतताना वसुमतीचे हात भरून आले होते, पण तिला वाटलं, या नोकरीत आपण एवढं एक काम तरी चोख केलं.

आठवड्याने ती हात पाहायला गेली. रूपीच्या दंडावर ओरखड्यांच्या तीन गोल खुणा होत्या, वाळत आलेल्या. फोड नाही, सूज नाही. तिच्या भावाचंही तसंच. जानीचं, रघ्याचं, काळ्याचं, सगळ्यांचं तसंच. दहा-वीस माणसांत एखाद्याचं उठत नाही, ते तिने पाहिलं होतं. अख्ख्या पाड्यात एकाचंही उठू नये, असं कधी होत नाही. लोक मात्र खूश होते. खुणा दाखवून विचारत होते, वण चांगला पडेल ना? वसुमती काय बोलली ते तिचं तिलाच पुढे आठवलं नाही. ती पुन्हा येते म्हणून तिथून निघाली.

केंद्राच्या मागे जीपचा ड्रायव्हर दशरथ चाक बदलत होता. त्याला तिने सरळ विचारलं, लस कुठे पडून राहिली होती? दशरथने आधी टाळाटाळ केली. मग हातातला पाना खाली ठेवून त्याने सांगितलं. लसीची पेटी डहाणू रोड स्टेशनावर वेळेवर उतरली होती. स्टेशनातून निरोपही आला होता. पण जीप महालक्ष्मीच्या जत्रेत होती. वरचे अधिकारी सबनीस साहेब, त्यांच्या घरची मंडळी ठाण्याहून जत्रेला आली होती. त्यांना देवीला न्यायचं, मग समुद्रावर, मग चिकूच्या वाड्या दाखवायच्या, हे सगळं डॉक्टरांनी स्वतः ठरवलं होतं. खारकरांचा बदलीचा अर्ज सबनीसांच्या टेबलावर होता. पाहुणे परत गेल्यावर दशरथ पेटी आणायला गेला, तेव्हा पार्सलच्या खोलीत पत्र्याखाली ती तापली होती. उचलली तर आत पाणी डुचमळत होतं. बर्फाचा पत्ता नव्हता.

वसुमतीने विचारलं, “मग माझ्याकडे आली तेव्हा बर्फ कुठून आला?”

“डॉक्टरांना मी सांगितलं, बाई. ते म्हणाले, चारोटीच्या सोडावाल्याकडून बर्फ घे आणि भर.”

हे ऐकून वसुमतीच्या अंगाची लाही लाही झाली. धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातली मासळी बर्फात घालून रोज मुंबईला पोचत होती, कधी नासत नव्हती. सरकारच्या लसीला मात्र बर्फ मिळाला तो ती नासल्यावर, झाकायला. तशाच पावली ती खारकरांच्या खोलीत गेली.

खारकर काही नुसता दुष्ट माणूस नव्हता. आदल्या पावसाळ्यात अडलेल्या बाईसाठी तो छातीइतक्या पाण्यातून ओढा उतरून गेला होता. म्हणूनच वसुमतीला जास्त राग आला. त्याने काही नाकारलं नाही. पेटी तापली हे त्याला ठाऊक होतं, थोडी तरी लस जिवंत राहिली असेल असं त्याला वाटलं होतं. आता झालं ते झालं, तुम्ही सगळ्यांच्या देवी उठल्या असं कळवा, असं तो म्हणाला. ती नाही म्हणाली. पाड्यावर जाऊन खरं सांगते म्हणाली. तेव्हा त्याने तिला बसायला सांगितलं.

“चुरीबाई, जरा शांत डोक्याने विचार करा. तुम्ही जाऊन सांगितलंत की टोचलं ते नुसतं पाणी होतं, तर पुढची दहा वर्षं तिथला एक माणूस हात पुढे करणार नाही. नुकसान कोणाचं? त्यांचंच. पावसाळा सरला की आपण पुन्हा टोचू, दुसरी मात्रा म्हणून सांगू. तुम्ही मिळवलेला विश्वास तुम्हीच कशाला मोडता?”

वसुमती उठून बाहेर आली. त्याच्या बोलण्यात खोटं असं काही नव्हतं. पाडा खरंच बिथरला असता. रात्रंदिवस तिच्या डोक्यात हेच घोळत राहिलं. रविवारी ती डहाणूला आईकडे गेली. यमुनाबाईंनी सगळं ऐकून एवढंच सांगितलं, की डॉक्टर शिकलेला आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस, नोकरी गेली तर दिराच्या दारात उभं राहावं लागेल. परतीच्या बसमध्ये वसुमतीला एक गोष्ट लख्ख दिसली. खारकर एवढं बोलला, त्यात पाड्याची काळजी होती, विश्वासाची होती, पुढच्या दहा वर्षांची होती. जीपचं नाव त्याने एकदाही काढलं नव्हतं. आपली चूक झाकायला तो पाड्याचं भलं पांघरायला घेत होता. तेवढं दिसल्यावर तिला गप्प राहणं जमेना.

तरी तिने एक पाऊल मागे घेऊन पाहिलं. ती त्याला म्हणाली, नवी लस आत्ताच मागवा, पावसाळ्यापर्यंत थांबू नका. लस हातात आली की मी पाड्यावर खरं सांगते आणि त्याच बैठकीत पुन्हा टोचते. खारकर बरं म्हणाला. ती रोज विचारी, तो रोज मागणी पाठवली म्हणे. त्याने ती पाठवलीच नव्हती. मागणी पाठवायची तर पहिल्या लसीचं काय झालं ते सांगावं लागलं असतं.

त्या थांबण्यात रघ्या गेला.

सीमेपलीकडे गुजरातच्या हद्दीत एक वीटभट्टी होती. रघ्याची धाकटी बहीण हिरी तिथे कामाला होती. भट्टीवर देवीचा रोग आला. मुकादम पळून गेला, बाकीचे मजूर ज्याच्या त्याच्या गावाला पांगले आणि हिरी तापाने फणफणत एका खोपटात एकटी पडली. निरोप जांभळपाड्यावर आला तेव्हा कोणी जायला धजेना. रघ्या उठला. त्याने दंडावरच्या खुणा सगळ्यांना दाखवल्या आणि बहिणीकडे निघून गेला.

वसुमतीला हे कळलं ते दहा-बारा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, पाड्यावरच्या एका बाईकडून. ती बाई कौतुकाने सांगत होती. वसुमतीने हातातलं काम टाकलं आणि खारकरांना न विचारता पाडा गाठला.

जानी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. वसुमतीने तिला हाताला धरून बसवलं आणि सगळं सांगितलं. लस उन्हात मेली होती, टोचलं त्यात काही जीव नव्हता, त्या खुणांचा काडीचा उपयोग नाही. आजूबाजूची माणसं गोळा झाली. जीपचं, जत्रेचं, बर्फाचंही तिने सांगितलं, काही ठेवलं नाही. महालक्ष्मीच्या जत्रेला पाडाही गेला होता, पायी. सगळे ऐकत राहिले. 

मग जानी म्हणाली, “तू सांगलीस म्हणून तो गेला, बाय. दुसरा कोणी गेला नसता. तो बोलला, माझे हातावर बायने टोचलाय, मना काय होत नाय.”

वसुमतीने मान खाली घातली. जानीने विचारलं, “तुला कधी कळला?”

वसुमतीने खरं सांगितलं. हात पाहायला आले तेव्हाच कळलं.

जानी उठली आणि पाठ फिरवून घरात गेली. दुसऱ्या दिवशी पाड्यावरचे दोघे भट्टीकडे गेले. ते पोचण्याआधीच, रघ्याच्या देखत, हिरी गेली होती. रघ्याला त्यांनी आणलं तेव्हा त्याला ताप भरला होता.

वसुमती तशीच डहाणूला गेली आणि वर तार केली, की देवीचा रोगी आढळला आहे, आधीची लस निकामी होती, ताबडतोब ताजी लस पाठवावी. खाली आपलं नाव घातलं. केंद्रातल्या नर्सने डॉक्टरला डावलून वर तार करायची, हे त्या काळी कोणी ऐकलं नव्हतं. खारकरने तिला खोलीत बोलावून सांगितलं, की तुमची नोकरी आता तुमच्याच हाताने गेली. तिने विचारलं, रघ्या काय म्हणतोय ते पाहायला तुम्ही कधी येणार? तो आला, औषधं दिली. पण देवीवर औषध कुठलं? अंगभर फोडांनी माखलेला रघ्या दोन आठवड्यांत गेला. रूपीलाही ताप आला होता.

तार टेबलाटेबलावर फिरून अखेर पोचली होती. स्वतः सबनीस साहेब आले, तेच, ज्यांच्या घरची माणसं जत्रेला आली होती. खारकर त्यांना जीपमधून थेट जांभळपाड्यावर घेऊन आला. आंब्याखाली बाज टाकली, साहेब बसले. पाडा लांब उभा राहिला. खारकर इंग्रजी-मराठीत सांगत होता, की ही माणसं देवीची भक्त, टोचून घ्यायला तयार नसतात, पळून जातात, आपण पुष्कळ प्रयत्न केले, पण अडाणीपणापुढे इलाज चालत नाही. तारेत लस निकामी म्हटलं होतं ते नर्सबाईंचं घाबरून केलेलं अनुमान. साहेब मान हलवत होते. एक मेलेला माणूस आणि तापाने तळमळणारी पोर, दोन्ही आता पाड्याच्याच माथी बसणार होती.

वसुमती केव्हाची बाजूला उभी होती. ती पुढे झाली. डॉक्टर थांबा म्हणाला, ती थांबली नाही. ती माणसांकडे वळली आणि म्हणाली, हात दाखवा. सुरुवातीला कोणी हललं नाही. मग जानी पुढे आली. नवऱ्याला जाऊन तीनच दिवस झाले होते. वसुमतीशी ती त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती. तिने पदर सारून दंड साहेबांसमोर धरला. मग काळ्या आला. मग एकेक करून सगळे आले. प्रत्येकाच्या दंडावर चकतीच्या तीन गोल खुणा होत्या आणि वण एकालाही नव्हता.

वसुमती म्हणाली, “पळून गेलेल्या माणसांचे हात असे असतात का, साहेब? यांनी हात दिले. आपण पाणी टोचलं.”

सबनीसांनी डॉक्टरकडे पाहिलं.  त्यांनी विचारलं, लस निकामी कशाने झाली? वसुमती म्हणाली, “स्टेशनावर उन्हात पडून राहिली. आणायला गाडी नव्हती. गाडी आपल्या घरच्या मंडळींना घेऊन जत्रेत होती.”

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना हे ठाऊक नसावं. त्यांनी दशरथला हाक मारली. दशरथ जीपपाशी उभा होता, हातातलं फडकं पिळत. त्याला तीन पोरं होती. तो खाली बघत म्हणाला, “डॉक्टरांनी सांगितलं तिथं मी गाडी नेली, साहेब. मी नोकर माणूस.” एवढंच बोलला, पण त्याने नाही म्हटलं नाही.

सबनीस उठले. हे सगळं आपण ऑफिसात बोलू, म्हणाले.

“ऑफिसात नको,” वसुमती म्हणाली. “टोचलं इथे, तर बोलायचंही इथेच. यांना अडाणी म्हटलं ते यांच्यासमोर म्हटलंय.”

साहेब पुन्हा बसले.  मग त्यांनी खारकरला हुकूम दिला, की आत्ता जीप घेऊन स्वतः ठाण्याला जा आणि लस बर्फात घालून घेऊन ये. पाड्यापुढे मात्र त्यांनी एक शब्द काढला नाही. निघताना जानीच्या दारावरून जावं लागलं, तिथे ते क्षणभर थांबले, मग पुढे गेले.

लस आली, या खेपेला खरीच गार. पण हात कोण पुढे करणार? वसुमती पेटी घेऊन आंब्याखाली बसून राहिली. खारकर म्हणाला होता ते खरं ठरत होतं. दुपार कलली तेव्हा जानी आली, मुलाला कडेवर घेऊन. रूपी आत झोपली होती, तिला आता टोचून उपयोग नव्हता.

जानी म्हणाली, “टोच. पण उठेपर्यंत तू इथंच राहायचा. नाय उठला तर आमचे समोर बसून राहशील.”

वसुमती राहिली. केंद्रावर कळवलं नाही, रजा मागितली नाही. जानीच्या शेजारच्या ओटीवर झोपली, पाड्याबरोबर नाचणीची भाकर खाल्ली, रूपीच्या अंगाला कडुनिंबाचं पाणी लावत राहिली. रोज सकाळी लोक आपापले दंड तिच्यासमोर आणून धरत. चौथ्या-पाचव्या दिवशी जानीच्या मुलाच्या दंडावर लाल गाठ आली, पुढे त्यात पाणी भरलं. मग सगळ्यांचेच हात सुजले, ताप आले, पोरं किरकिरली. काळ्या आपला सुजलेला हात बघून हसायला लागला. जानी हसली नाही, पण त्या रात्री तिने वसुमतीला ओटीवरून आत बोलावलं. रूपी वाचली. वण हातावर यायचा तो तिच्या तोंडभर आला.

पुढे वरून निकाल आला. कडक उष्म्यामुळे लस निकामी झाली, असं ठरलं. उन्हाळ्यावर ठपका ठेवला आणि सगळे मोकळे झाले. खारकरची बदली मुंबईला झाली, त्याला हवी होती तिथेच. वसुमतीला विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल आणि वरिष्ठांशी उद्धटपणे बोलल्याबद्दल माफी मागायला सांगितलं. ती म्हणाली, गैरहजर मी नव्हते, पाड्यावर होते, आणि उद्धट बोलले असेन तर माझी चूक एवढीच, की ते आधीच बोलायला हवं होतं. तिला जव्हारच्या पलीकडे डोंगरात पाठवलं. यमुनाबाई रडल्या. वसुमतीचे डोळे कोरडे होते. नोकरी राहिली होती, त्याचा तिला आनंदही नव्हता. रघ्याच्या मरणाची किंमत कोणीच भरली नाही, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

तिच्या जागी वसईकडची एक तरुण नर्स आली, अहिल्या नावाची. कपाटाच्या किल्ल्या देण्याआधी वसुमती तिला चालत जांभळपाड्यावर घेऊन गेली. जानीच्या ओटीवर बसवून, जानीच्या समोर, सगळी हकीकत सांगितली. अहिल्या घाबरली. तिने हळूच विचारलं, हे मला इथे कशाला सांगता?

“तुला हे केंद्रात कोणी सांगणार नाही,” वसुमती म्हणाली. “आणि इथल्या माणसांना कळलं पाहिजे, की तुला माहीत आहे.”

जानीने नव्या नर्सकडे नीट पाहून घेतलं. मग विचारलं, “लस आणायला स्टेशनावर तू जाशील का?”

अहिल्या म्हणाली, जाईन.